कोल्हापुरात शिकलेला घोडा घेताना: किंमत कशाची द्यायची आणि कशी पारखायची

कोल्हापुरात कुणी घोडा घेतला की बघायला येणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘किती इंची?’ दुसरा प्रश्न रंगाचा, तिसरा अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचा. थांब म्हटल्यावर घोडा थांबतो का, समोरून दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर आला तर काय करतो, मालकाशिवाय दुसऱ्या कुणाला पाठीवर घेतो का, हे कुणी विचारत नाही. बसायला घोडा घेणाऱ्याचे पैसे मात्र याच प्रश्नांवर वसूल होतात किंवा बुडतात.

थोडीफार बसायची सवय आहे, करवीर, पन्हाळा किंवा कागलकडे जागा आहे आणि पहिला स्वतःचा घोडा घ्यायचा आहे, अशांसाठी हे लिहितोय. मिरवणुकीचा, पैदाशीचा आणि शर्यतीचा घोडा यांचा हिशेब वेगळा असतो, तो इथे नाही.

बाजार कशाचे पैसे मागतो

आपल्याकडचे घोडेबाजार ठरलेले आहेत. दिवाळीच्या सुमारास अकलूजला, दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला, आणि मार्गशीर्षात नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाला. कोल्हापूरकरांना अकलूज जवळ पडतं. एकदा तरी खिशात पैसे न ठेवता जाऊन यावं. सौदा अजूनही काही ठिकाणी रुमालाखाली बोटं धरून होतो. बाहेरच्याला आकडा कळत नाही, आणि तुम्हाला बोटांची भाषा येत नसेल तर तुमच्या बाजूने बोलणारा हेडी (दलाल) नेमका कुणाच्या बाजूने बोलतोय तेही कळत नाही.

बाजारात भाव चढतो तो उंचीवर. साठ इंचांच्या वर गेलं की प्रत्येक इंचाला वेगळा दर लागतो. मग रंग. पांढराशुभ्र नुकरा लग्नाच्या वरातीला चालतो म्हणून महाग, चार पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी शुभ म्हणून महाग. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळून टोकाला टोक भिडत असतील तर आणखी भाव. त्यानंतर भोवरे. मानेवर देवमण हा शुभ भोवरा असला की मालक बोट ठेवून दाखवतो, डोळ्याखाली आसूढाळ हा अशुभ भोवरा असला की गिऱ्हाईक मागच्या मागे सटकतं. वर्तमानपत्रात दरवर्षी कोटीच्या घोड्याची बातमी येते. तो मालकाने सांगितलेला भाव असतो. त्या भावाला घोडा विकला गेला की नाही, ही बातमी सहसा येत नाही.

यातल्या एकाही गोष्टीने घोडा पाठीवर माणूस नीट घेत नाही. म्हणूनच ज्याला बसायचंय त्याच्यासाठी या बाजारात एक सोय लपलेली आहे. अठ्ठावन्न इंची, मातकट कुमैत (तांबूस-तपकिरी), आसूढाळ असलेला पण चांगला शिकलेला घोडा बाजाराच्या दृष्टीने पडीक माल असतो. तुमच्या दृष्टीने तोच पहिला बघण्यासारखा.

नाचरा घोडा मात्र टाळाच. हलगीच्या ठेक्यावर पाय उचलायला शिकवताना त्याला लगाम ताणून जागच्या जागी धरलेलं असतं. लगाम ओढला की पाय आपटायचे, पुढचं अंग उचलायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तुम्ही थांबवायला लगाम ओढणार आणि तो नाचायला लागणार. दोष घोड्याचा नाही, पण ते शिक्षण पुसून नवं बसवायला कोऱ्या (न शिकवलेल्या) घोड्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आधी ठरवा: शिलेदार की बारगीर

मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा आणि त्याचा सगळा खर्च सोसायचा. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. घोडा मेला तर शिलेदाराचं दिवाळं निघायचं, बारगीर दुसऱ्या घोड्यावर बसायचा. आजही पहिला निर्णय हाच आहे. आठवड्यातून दोनदा तासभर बसणार असाल तर एखाद्या पागेत तासावर किंवा महिन्यावर पैसे भरून बसा, किंवा कुणाच्या घोड्याचा अर्धा खर्च उचलून आठवड्याचे तीन दिवस घ्या. शिकलेला घोडा आठवड्यातून निदान चार-पाच दिवस रपेटीला निघाला नाही तर चार-सहा महिन्यांत विसरायला लागतो. तेवढा वेळ तुमच्याकडे किंवा तुमच्या पगारी माणसाकडे नसेल, तर जे शिक्षण पैसे देऊन विकत घेतलं तेच हळूहळू गळून जातं.

शिक्षणाची किंमत कागदावर मांडा

‘शिकलेला आहे म्हणून चार लाख’ असं कुणी म्हटलं की ते जास्त वाटतात, कारण त्याच वयाचा कोरा घोडा सव्वा लाखात दिसलेला असतो. इथे भावनेपेक्षा बेरीज करावी. खालचे आकडे गणित दाखवण्यापुरते आहेत, तुमच्या भागातले दर घालून पुन्हा करा.

समजा तीन वर्षांचा कोरा घोडा १,२०,००० रुपयांना घेतला. त्याला तोंडाला मोरकी (दोरी) घालून चालवण्यापासून सर्वसाधारण माणसाला सुरक्षित बसता येईपर्यंत दीड वर्ष धरा. ही काही सावकाश गती नव्हे. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत पुरी होत नाही, म्हणून घाई केली तर पाठ आणि गुडघे पुढे दगा देतात. महिन्याला चाबुकस्वाराचे (घोडा शिकवणाऱ्याचे) १०,००० आणि चारा, नाल, मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) मिळून १५,००० धरले, तर २५,००० गुणिले अठरा म्हणजे ४,५०,०००. मूळ किंमत मिळवली की ५,७०,०००. आणि एवढं करूनही तो घोडा चांगला निघेलच याची हमी नाही. काही घोडे बुजरेच राहतात, काहींच्या पायात दोष निघतो.

ज्याच्याकडे आठ-दहा घोडी आहेत त्याला हेच काम स्वस्त पडतं, कारण एक मोतद्दार तीन घोडी बघतो आणि चाबुकस्वार रोज सगळ्यांवर बसतो. न जमलेला घोडा त्याने आधीच बाजाराला काढलेला असतो. म्हणून त्याच्याकडचा चार लाखांचा घोडा खरोखर शिकलेला असेल तर तो तुम्हाला घरच्या शिक्षणापेक्षा स्वस्तच पडतो. प्रश्न फक्त ‘खरोखर’ या शब्दाचा आहे, आणि तो पुढच्या पारखीत सुटतो.

भाव करताना मी एकच युक्ती सांगतो. त्या घोड्यात किती महिन्यांचं शिक्षण दिसतंय ते ठरवा आणि तेवढ्याच महिन्यांचे पैसे मोजा. फक्त चालतो, दुडकी जातो आणि कसाबसा वळतो, तर ते चार-पाच महिन्यांचं काम. दोन्ही बाजूंना सारखा वळतो, सैल लगामावर शांत चालतो, एकट्याने पागेबाहेर जातो, तर वर्षाच्या वरचं. रस्ता, पाणी, गर्दी, अनोळखी स्वार हे सगळं पचवलेला असेल तर दोन वर्षं आणि पुढे. वरच्या टोकाला मर्यादाच नाही. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजमध्ये (घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींच्या स्पर्धेत) सांघिक सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं सुवर्ण. त्या संघातले स्वार युरोपात राहून, तिथल्या घोड्यांवर वर्षानुवर्षं तयारी करत होते. आपल्याला त्या दर्जाचं काही नको, पण पैसे नेमके कशाला पडतात ते यातून कळतं. पडतात ते रोज पाठीवर बसलेल्या जाणत्या माणसाच्या तासांना.

कोणता घोडा तुमच्या कामाचा

वय आठ ते चौदा. पहिल्या घोड्यासाठी याच्या खाली जाऊ नका. चार वर्षांचा ‘पूर्ण तयार’ घोडा म्हणजे घाईने तयार केलेला घोडा. पंधरा-सोळानंतर किंमत झपाट्याने उतरते, पण नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो आणि अठराव्या वर्षीही हलकी रपेट देतो. घरातल्या मुलांना शिकायचं असेल तर असा म्हातारा पंडित कमी पैशात मिळणं ही चैनच.

वय दातांवरून बघता येतं. पाचव्या वर्षी पुढचे सगळे कायमचे दात आलेले असतात. त्यानंतर खालच्या दातांतले खळगे सहाव्या, सातव्या, आठव्या वर्षी एकेक जोडीने बुजत जातात. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत उतरते. ‘नऊ वर्षांचा आहे’ असं सांगताना खाच मध्यापर्यंत आलेली असेल तर काही बोलू नका, फक्त भावात धरा.

वळू घोडा पहिल्या स्वाराने घेऊ नये. तुमच्या शेजारच्या वाड्यात एक घोडी माजावर आली की त्याचं सगळं शिक्षण हवेत जातं. खच्ची घोडा सगळ्यात स्थिर स्वभावाचा असतो. आपल्याकडे खच्ची करायची रीतच कमी, आणि पैदास होत नाही म्हणून बाजारात त्याला मान नाही. तेव्हा मिळाला तर सोडू नका. नाहीतर शांत घोडी घ्या.

जातीचं थोडक्यात. मारवाडी आणि काठियावाडी देखणे, तडफदार, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांना जन्मतःच रेवाल चाल येते. रेवाल चालणाऱ्या घोड्यावर पाणी न सांडता पेला धरता येतो, ऐकायला मोहक आहे, विक्रेता तेवढंच दाखवतो. पण रेवाल म्हणजे शिक्षण नव्हे. साधी दुडकी मागा, मग चौखूर मागा, आणि त्यातून परत कदमावर (साध्या चालीवर) आणायला सांगा. कित्येक घोडे तिथे गोंधळतात. पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड कमी किमतीत मिळतात, दिसायला राजबिंडे असतात, पण त्यांना शिकवलेलं एकच, दुसऱ्या घोड्याच्या पुढे पळायचं. पातळ तळव्याचे खूर आणि भरपूर खाणं हा खर्च पुढचा. जाणत्या स्वाराच्या हाती त्यांचं सोनं होतं, नवख्याने लांबूनच बघावं. भीमथडीचं तट्टू मात्र आपल्या माणसांनी उगाच कमी लेखलं. धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर शेकडो कोस चाललेली ही जात, अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. उंची कमी, पण डोंगरवाटेला पाय पक्का, थोडक्या चाऱ्यावर भागणारी. पोरांना आणि हलक्या अंगाच्या माणसाला पन्हाळ्याच्या बाजूला फिरायला यापेक्षा चांगलं काय!

स्वतःचं वजनही काट्यावर करा. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं. साडेतीनशे किलोच्या घोड्याला ७० किलो ही वरची हद्द. खोगीर सात-आठ किलोचं धरलं तर तुम्ही बासष्ट-त्रेसष्टचे हवेत. ऐंशी किलोचा माणूस आणि छप्पन्न इंची घोडी हे चित्र मिरवणुकीत चालतं, रोजच्या रपेटीत घोडीची पाठ जाते.

पारख: पागेतला एक तास

न सांगता जाणं जमलं तर उत्तम. सांगून गेलात तर ठरल्या वेळेच्या पाऊण तास आधी पोहोचा. घोडा घामाने भिजलेला, खोगिराचे वळ अंगावर असलेला दिसला तर समजा, तुमच्या येण्याआधी त्याला दमवून ठेवलंय. दमलेला घोडा कुणाचाही साधाच वाटतो. मान लोंबलेली, खालचा ओठ सैल, डोळे अर्धवट मिटलेले, मागचे पाय किंचित फाकलेले असे दिसले तर गुंगीचं औषध दिल्याची शंका घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत या.

घोडा ठाणावर बांधलेला असताना बघा, बाहेर आणून उभा केल्यावर नव्हे. अगाडी-पिछाडी दोन्ही ताणून बांधलेला आहे का? मागची दोरी सोडायला मोतद्दार कचरतोय का? माणसाच्या हाताकडे घोडा कसा बघतो? दावणीची कड दातांनी कुरतडलेली असेल, किंवा घोडा कडेवर दात रोवून हवा गिळत असेल, तर ती खोड बहुधा जात नाही. बसायला तो उपयोगी असू शकतो, पण भाव उतरायलाच हवा.

मग विक्रेत्यालाच सगळं करायला सांगा. मोरकी घालणं, खरारा, चारही खूर उचलणं, खोगीर, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा), लगाम. तुम्ही फक्त उभे राहा. तंग आवळताना घोडा मान वळवून चावायला येतो किंवा पोट फुगवून दात खातो, तर एकतर पूर्वी पाठ दुखावलेली आहे किंवा घाईने शिकवलंय. मागचा डावा खूर उचलताना मोतद्दार एक पाऊल लांब राहून, अंग चोरून उभा राहिला तर त्याचं अंग तुम्हाला घोड्याची हकीकत सांगतंय. तोंडाने तो काहीही सांगो. ‘पाव्हणं, ल्हान पोरगं बसवा, पानपट्टीवर जाऊन परत येतंय’ हे वाक्य प्रत्येक पागेत ऐकायला मिळतं. अशा वेळी ते ल्हान पोरगं कुठाय, त्यालाच बसवा म्हणावं.

रिकिबीत पाय टाकून बसेपर्यंत शिकलेला घोडा जागचा हलत नाही. हे एवढंच नीट पाहिलं तरी निम्मी पारख होते. बसायच्या आत चालू पडणारा घोडा बाजारात पदोपदी दिसतो आणि लोक त्याला ‘तेज’ म्हणतात. ते तेज नव्हे, शिक्षणातला पहिला धडा गाळलेला आहे.

आधी विक्रेत्याचा स्वार बसू द्या. सैल लगामावर कदम. डावीकडे आणि उजवीकडे सारखाच गोल. दुडकी, मग चौखूर, दोन्ही बाजूंना. थांबणं. चार पावलं मागे सरणं. लगाम ओढल्यावर तोंड उघडून डोकं वर फेकत थांबतो की मान ठेवून थांबतो, हे बघा. तोंडात कडी कोणती आहे तेही बघा. काटेरी किंवा लांब दांड्यांची कडी घातल्याशिवाय थांबत नसेल तर तो थांबायला शिकलेला नाही, दुखतंय म्हणून थांबतोय. साधी, मधे सांधा असलेली कडी घालून दाखवा म्हणा. इथे बरेच सौदे मोडतात, आणि मोडलेले बरे.

त्यानंतर तुमचा जाणता माणूस बसेल, आणि शेवटी तुम्ही. शिरस्त्राण घालूनच. तुमच्या हाताखाली घोडा पहिल्यापेक्षा थोडा ढिला पडणारच, ते चालेल. पण पाच मिनिटांत तुमची मांड कच्ची आहे हे ओळखून पागेच्या दाराकडे ओढू लागला, तर हा घोडा चांगल्या स्वाराचा आहे, तुमचा नाही.

आता कोल्हापूरची परीक्षा. मोकळ्या मैदानातली शहाणी चाल आणि रस्त्यावरची चाल यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. एकट्याने, सोबतीच्या घोड्याशिवाय, पागेबाहेर काढायला सांगा. गळीत हंगाम असेल तर फारच छान. गाणी लावून जाणारा, दोन ट्रॉल्यांचा, वरून उसाचं वाडं (शेंड्याची पानं) लोंबणारा ट्रॅक्टर शेजारून जाताना घोडा कान टवकारेल, एखादं पाऊल बाजूला टाकेल, हे ठीक. वळून उधळला तर मैदानातलं सगळं शिक्षण रस्त्यावर शून्य. गाळणीसारखी ही एकच कसोटी पुष्कळ घोडे वगळते. कुंपणावर फडफडणारी प्लॅस्टिकची पिशवी, भुंकत मागे लागणारं कुत्रं, हॉर्न मारत जाणारी केएमटीची बस, पाण्याचं डबकं, हेही बघून घ्या. गणपतीत आणि दसऱ्याला इथे आवाज किती असतो ते तुम्हाला माहीत आहे. ज्याला आवाज सोसत नाही तो घोडा इथे दरवर्षी महिनाभर कोंडूनच ठेवावा लागेल.

शेवटचं, ट्रकमध्ये चढतो का ते बघा. चार माणसांनी ढकलून चढवावा लागणारा घोडा आजारी पडला की दवाखान्यात न्यायची वेळ येते तेव्हा कळतो.

दुसऱ्या दिवशी, वेगळ्या वेळी, पुन्हा जा. तोच घोडा तसाच वागला तर पुढे बोला.

डॉक्टर, आणि कोणता डॉक्टर

कोल्हापूर म्हशींचा जिल्हा. इथले पशुवैद्यक म्हशीच्या बाबतीत निष्णात, घोडा मात्र सगळ्यांच्या हाताखालून गेलेला नसतो. थेट विचारा, ‘घोडी बघता का?’ बघत नसतील तर पुण्याच्या रेसकोर्सशी संबंध असलेले घोड्यांचे डॉक्टर गाठा, किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा, ते महामार्गालगतच आहे. विक्रेत्याने सुचवलेला डॉक्टर नको.

घोड्याची शांत अवस्थेतली नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ९९ ते १०१ फॅरनहाइट. डॉक्टर हे बघेल, डोळे आणि हृदय तपासेल, आणि मग घोडा कडक जमिनीवर सरळ दुडकत न्यायला लावेल. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उडतं, हे तुम्हालाही दिसेल. पाय मिनिटभर दुमडून धरून लगेच दुडकवला की सांध्यातला लपलेला दोष बाहेर येतो. वेदनाशामक देऊन लंगडणं झाकता येतं आणि त्याचा असर काही दिवस राहतो, म्हणून रक्ताचा नमुना घेऊन ठेवा.

दोन चाचण्यांवर तडजोड नको. एक ग्लँडर्स. या रोगाला लस नाही, माणसालाही होतो, आणि घोडा बाधित निघाला तर कायद्याने त्याला मारावंच लागतं. नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो. अहवाल हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दुसरी सर्रा. गोमाश्या आणि चावऱ्या माश्यांमधून पसरणारा हा रोग गुरांत आणि म्हशींत काही लक्षण न दाखवता राहू शकतो. घोड्याला तो झाला की ताप येतो-जातो, पायांना आणि पोटाखाली सूज येते, अंग झडत जातं. घराशेजारी गोठा असणं इथे नेहमीचंच, तेव्हा पावसाळ्यानंतर माश्यांचा बंदोबस्त आणि पुन्हा रक्ततपासणी धरूनच चाला.

महिन्याचा खर्च

घोड्याची किंमत एकदाच द्यायची, खर्च कायमचा. साडेतीनशे किलोच्या घोड्याला त्याच्या वजनाच्या निदान दोन टक्के, म्हणजे सात किलो किंवा त्याहून जास्त कोरडं अन्न रोज लागतं, त्यातलं बहुतेक चारा. समजा सहा किलो सुका चारा १० रुपयांनी, आठ किलो हिरवा ४ रुपयांनी, अडीच किलो चंदी (दाणा) ३५ रुपयांनी, वर मीठ आणि खनिज मिश्रणाचे दहा रुपये. दिवसाचे १९० च्या आसपास, महिन्याचे ५,७००. खूर साळणं आणि नाल दर सहा आठवड्यांनी, महिन्यावर १,०००. धनुर्वाताची आणि रेबीजची वार्षिक लस, जंताचं औषध, दातांना कानस आणि अडीअडचण मिळून १,५००. ठाणावर अंथरायला पिंजर (भाताचं काड), १,५००. मोतद्दार दोघांत मिळून ठेवला तर तुमच्या वाट्याचे ७,०००. बेरीज १६,७००, वर्षाचे दोन लाख. मोतद्दार एकट्याचा असेल तर हाच आकडा पावणेतीन-तीन लाखांकडे सरकतो. म्हणजे ५० हजार वाचवायला कमी शिकलेला घोडा घेतलात, तर ती बचत तीन महिन्यांच्या खर्चातच संपली.

चाऱ्यात कोल्हापूरकरांची एक खास चूक होते. गळीत हंगामात उसाचं वाडं जवळजवळ फुकट मिळतं, गुरं आवडीने खातात, म्हणून घोड्यालाही तेच. वाड्यात ऑक्सॅलेट असतं, ते चाऱ्यातला कॅल्शियम धरून ठेवतं, घोड्याच्या अंगी लागू देत नाही. हत्तीघासातही ते असतं. त्यात भर म्हणून गव्हाचा कोंडा भरपूर घातला की फॉस्फरस वाढतो, आणि काही महिन्यांत घोड्याच्या जबड्याची हाडं सुजायला लागतात, पाय अधूनमधून लंगडतात. लोक नालबंदाला शिव्या देतात. कडबा कुट्टी, हरळीचं वाळलेलं गवत आणि थोडा लसूणघास हा साधा मेळ चांगला. कोवळी हिरवी ज्वारी कधीच नाही. बुरशी आलेला चारा म्हैस पचवेल, घोडा पोटशुळाने रात्रीत जाईल. घोड्याला उलटी होत नाही, हे लक्षात ठेवूनच टोपली भरा. पाणी रोज तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात जास्त.

आपला पाऊस हा वेगळा खर्च आहे. जून ते सप्टेंबर काळ्या मातीच्या चिखलात उभ्या घोड्याचे तळवे कुजतात, वास येतो. ठाण उंचावर, फरशी किंवा मुरूम ठोकून, आणि रोज खूर कोरून साफ. फिरवायला मुरमाड जागा आधी शोधून ठेवा, नाहीतर घोडा चार महिने बसून राहील आणि दसऱ्याला बाहेर काढलेला घोडा तुम्हाला ओळखीचा वाटणार नाही.

खोगीर घोड्याबरोबर मिळत असेल तर घ्या, पण ते त्या घोड्याला नीट बसत असेल तरच. कानपूरचं चामड्याचं काम चांगलं असतं. खोगिराच्या पुढच्या कमानीखाली, खांद्याच्या उंचवट्यावर, स्वार बसलेला असताना दोन-तीन बोटं सरकली पाहिजेत. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर आधीच्या खोगिराने तिथे कातडी सोलली होती.

भाव आणि कागद

पहिला आकडा तुम्ही बोलू नका. डॉक्टरचा अहवाल आल्यावर, दोष एकेक करून, शांतपणे भावात मांडा. विक्रेत्यासमोर घोड्याला नावं ठेवून भाव पडत नाही, माणूस दुखावतो. त्यापेक्षा महिन्यांचा हिशेब मांडा: ‘उजव्या बाजूला चौखूर जात नाही, त्याला माझे अजून चार महिने जातील, तेवढे कमी करा.’ जाणत्या विक्रेत्याला हे पटतं.

आठ-पंधरा दिवस घरी नेऊन बघायची मुभा मागा. अनामत ठेवावी लागेल, त्या काळात घोड्याला काही झालं तर कुणाचं, हे आधीच लिहून घ्या. विक्रीच्या कागदावर घोड्याचं वय, लिंग, रंग, उंची, भोवरे आणि अंगावरच्या खुणा, चारही बाजूंचे फोटो, मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक, चाचण्यांच्या तारखा, आणि ‘चावणे, लाथ मारणे, उधळणे या खोडी माझ्या माहितीत नाहीत’ ही ओळ असावी. पैसे बँकेतून द्या. वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला सोबत ठेवा. विमा उतरवायचा असेल तर विमा कंपनी याच डॉक्टरच्या तपासणीचा कागद मागेल, आणि फक्त मृत्यूचा विमा आहे की कायमच्या लंगडेपणाचाही, ते नीट वाचून घ्या.

घरी आणल्यावर

पहिले दोन आठवडे काही सिद्ध करायला जाऊ नका. आधीच्या मालकाकडून आठवड्याचा चारा आणि चंदी बरोबरच घ्या, आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू तुमच्याकडची मिसळत न्या. एकदम बदललं की पोटशूळ ठरलेला. तीच कडी, तेच खोगीर, शक्य असेल तर तोच मोतद्दार दोन दिवस. इतर घोड्यांपासून दोन-तीन आठवडे वेगळं ठाण.

आणि बजेटमध्ये सहा महिन्यांचा चाबुकस्वार आधीच धरा. आठवड्यातून दोनदा त्याने घोड्यावर बसावं आणि एकदा तुम्हाला घोड्यावर बसवावं. घोडा नव्या मालकाचा हात अजमावतो, ही खोड नव्हे, स्वभाव आहे. पहिल्या आठवड्यात बसायच्या आधी एक पाऊल पुढे टाकेल, तुम्ही सोडून द्याल, पुढच्या आठवड्यात तीन पावलं टाकेल. त्या पहिल्या पावलालाच उतरून, उभा करून, पुन्हा रिकिबीत पाय टाकायचा.